चिखलातलं खानदान

टिटवी सगळ्यांना माहीत असते, तिचे नातेवाईक मात्र फारसे कुणाला माहीत नसतात. कोल्हापूरच्या तळ्यांवर आणि माळांवर वावरणाऱ्या एका मोठ्या घराण्याची ही ओळख. आणि हो, त्या घराण्याच्या राहत्या पत्त्याचं काय चाललंय, त्याचीही खबरबात!

रात्रीचे साडेअकरा. उद्याच्या मीटिंगचं प्रेझेंटेशन अजून अर्धंच झालंय, चहाचा तिसरा कप गार होतोय, आणि तेवढ्यात छपरावरून कुणीतरी कर्कश ओरडत जातं... टिटीव-टिटीव, टिटीव-टिटीव! पाचगाव, कळंबा, फुलेवाडी, उचगाव... शहराच्या कडेला जिथं नवीन अपार्टमेंट आणि जुनं रान शेजारी-शेजारी आहे, तिथल्या मंडळींना हा आवाज नवा नाही. घरात आजी असेल तर ती अंथरुणातूनच म्हणणार, ‘टिटवी वरडाय लागली बघ. काय खरं न्हाई.’

आजीची भीती पिढ्यान् पिढ्यांची आहे, पण टिटवीचा त्यात काही हात नाही. ती रात्री ओरडते, कारण ती रात्री जागी असते. चांदण्या रात्री ती मोकळ्या जागेत किडे टिपत फिरते आणि कुत्रं, मांजर किंवा माणूस जवळ आला की अलार्म वाजवते. थोडक्यात काय, तुमच्यासारखीच तिचीही नाईट शिफ्ट असते.

लांब पिवळे पाय, डोळ्यापुढे लाल गाठ, काळा गळा, आणि चाल अशी की जणू बॉसच्या केबिनकडे निघालीय. टिटवीला ओळखायला दुर्बीण लागत नाही. पण ही बाई नेमकी कुणाची कोण? पाण्याजवळ दिसते म्हणून बदकाची? लांब पाय म्हणून बगळ्याची? जमिनीवर पळते म्हणून कोंबडीची? या प्रश्नाचं उत्तर शोधायला जगभरच्या शास्त्रज्ञांना अडीचशेहून जास्त वर्षं लागली. आणि या कहाणीची सुरुवात आपल्यापासून एका वीकेंडच्या अंतरावर होते.

गोव्याची टिटवी, पॅरिसचं चित्र

कोल्हापूरकर आजरा-आंबोलीमार्गे गोव्याला जातो तो कशासाठी, हे इथं लिहायची गरज नाही. पण अठराव्या शतकात गोव्यातून एक टिटवी उलट्या दिशेनं निघाली आणि थेट फ्रान्समधल्या चित्रांच्या पुस्तकात जाऊन बसली. ब्यूफाँ नावाचा मोठा निसर्गअभ्यासक तेव्हा पक्ष्यांवर ग्रंथमाला लिहीत होता. त्या ग्रंथांच्या जोडीला हजारावर रंगीत चित्रं छापली गेली. मार्तिने या कलाकारानं ती कोरली आणि पुढे ती हातानं रंगवली गेली. त्यातल्या एका चित्रात आपली टिटवी होती आणि खाली लिहिलं होतं ते गोव्याचं नाव.

ब्यूफाँनं पक्ष्याचं वर्णन केलं, पण लॅटिन नाव दिलं नाही. ते काम केलं पीटर बोडार्ट या डच माणसानं. १७८३ मध्ये त्यानं त्या सगळ्या चित्रांची एक यादी केली आणि आपल्या टिटवीपुढे लिहून टाकलं, ‘ट्रिंगा इंडिका’. शास्त्राच्या भाषेत तेव्हापासून या पक्ष्याची ‘टाइप लोकॅलिटी’ गोवा आहे. म्हणजे जन्मदाखल्यावर गाव गोवा! पश्चिम आशियापासून थेट व्हिएतनामपर्यंत ही टिटवी दिसते, पण कागदोपत्री ती आपल्या शेजारची.

आता गंमत अशी, की बोडार्टनं तिला ज्या ‘ट्रिंगा’ नावाच्या घरात ठेवलं, ते घर आज तुतवारांचं आहे. तुतवार म्हणजे हिवाळ्यात तळ्याच्या काठावर शेपूट हलवत फिरणारे भुरे, बारीक पक्षी. टिटवीला तिथं राहणं जमण्यासारखं नव्हतं. मग पुढच्या शंभर वर्षांत तिची बदली होत राहिली. कुणी तिला ‘लोबिव्हॅनेलस’मध्ये टाकलं, कुणी ‘सार्कोग्रॅमस’मध्ये. डोळ्यापुढे गाठ आहे की नाही, पंखाला काटा आहे की नाही, पायाला मागचं बोट आहे की नाही, अशा खुणांवरून जगातल्या टिटव्या वेगवेगळ्या खणांत वाटल्या जात होत्या. सरकारी नोकरीतल्या माणसाच्याही एवढ्या बदल्या होत नाहीत!

शेवटी बहुतेकांच्या लक्षात आलं, की गाठ आणि काटा हे दागिने आहेत. दागिने वेगळे असले म्हणून बहिणी परक्या होत नाहीत. आज जगातल्या वीसहून जास्त टिटव्या एकाच प्रजातीगटात, म्हणजे ‘व्हॅनेलस’मध्ये आहेत. या लॅटिन नावाचं मूळ ऐकून तुमची आजीसुद्धा खूश होईल. व्हॅनेलस म्हणजे छोटं सूप! धान्य पाखडायचं सूप. टिटवीच्या रुंद पंखांची ती सावकाश फडफड पाहिलीत, तर नाव ठेवणाऱ्याला दाद द्याल.

लांब पायांचा घोळ

टिटवीचं घर ठरलं. पण गल्ली कुठली? इथं आणखी मोठा घोळ होता.

१७५८ मध्ये लिनिअसनं प्राण्यांना दोन शब्दांची नावं द्यायची शिस्त लावली. त्यानं लांब पायांच्या पक्ष्यांसाठी एक मोठा गट केला, ‘ग्रॅली’. लॅटिनमध्ये ग्रॅली म्हणजे पायाला बांधून चालायच्या उंच काठ्या. फंडा सरळ होता. पाय लांब असतील तर या गटात या! मग काय, बगळे आले, फ्लेमिंगो आले, करकोचे आले, टिटव्या-तुतवार आले. माळढोकाचं कुळही आलं. इतकंच काय, शहामृगसुद्धा आला.

ऑफिसमध्ये सहा फुटांवरच्या सगळ्यांना एकाच डिपार्टमेंटला बसवलं तर काय होईल? तसंच झालं. पाय लांब असणं म्हणजे नातं नाही, ती कामाची गरज आहे. उथळ पाण्यात उभं राहून जेवायचं असेल तर कुणालाही लांब पाय लागणार. म्हणून वेगवेगळ्या घराण्यांतल्या पक्ष्यांना ते स्वतंत्रपणे मिळाले. पावसात सगळेच रेनकोट घालतात, म्हणून काय सगळे भाऊ-भाऊ नसतात!

पुढच्या दोन शतकांत हाडं, स्नायू, पिसं आणि पिल्लांची लव तपासून हा गट हळूहळू फोडला गेला. बगळे बाहेर गेले, करकोचे बाहेर गेले, माळढोक वेगळा झाला. मग २००० नंतर डीएनएचे अभ्यास आले आणि त्यांनी थेट बॉम्बच टाकला. भिगवणला तुम्ही ज्याचे फोटो काढायला जाता तो फ्लेमिंगो बगळ्याचा नाही, बदकाचाही नाही. त्याची सगळ्यात जवळची नातेवाईक आहे टिबुकली! हो, तीच मुठीएवढी, तळ्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली. आपल्या तळ्यांवर ती अगदी कॉमन आहे. आता तिच्याकडे बघताना जरा आदरानं बघा.

या सगळ्या गाळणीतून जे खाली उरलं, ते टिटवीचं खरं खानदान. त्याचं शास्त्रीय नाव जरा तोंडाला फेस आणणारं आहे, ‘कॅरॅड्रिइफॉर्मिस’. जगभर साडेतीनशेहून जास्त जाती. इंग्रजी बोलणारे पक्षीमित्र यातल्या किनाऱ्यावर, चिखलात फिरणाऱ्यांना ‘वेडर’ किंवा ‘शोअरबर्ड’ म्हणतात. कोल्हापूरला समुद्र नाही, पण किनारा आहे. पाणी उतरलेल्या प्रत्येक तळ्याला असतो तेवढा.

तीन घराणी, एक आडनाव

या खानदानाच्या तीन शाखा आहेत. तिन्हींचे प्रतिनिधी आपल्याकडे दिसतात, त्यामुळे पाठ करायची गरज नाही, नुसतं बघत राहायचं.

पहिली शाखा टिटवीची. यात टिटव्या आहेत, गळ्यात काळा पट्टा घालून काठावर तुरुतुरु पळणारे चिखले आहेत आणि शेकाट्या आहे. शेकाट्या म्हणजे काळ्या पंखांचा, पांढऱ्या अंगाचा, गुलाबी-लाल काडीसारख्या पायांचा मॉडेल. शरीराच्या मानानं इतके लांब पाय फ्लेमिंगो वगळता क्वचितच कुणाला असतील. रात्री मोठ्या पिवळ्या डोळ्यांनी माळावर फिरणारा कारवानकही याच शाखेतला.

दुसरी शाखा तुतवारांची. तुतवार, इवलेसे टिलवे, लांब चोचीचा पाणलावा, कोकण किनाऱ्यावर दिसणारा बाकदार चोचीचा कर्ल्यू, हे सगळे यात येतात. आणि यातच येतो कमळपक्षी. कमळाच्या पानांवर लांब बोटं पसरून चालणाऱ्या या पक्ष्याला बघून कुणीही त्याला पाणकोंबडीचा भाऊ समजेल. पण तो निघाला तुतवारांच्या बाजूचा. कमळपक्ष्यांची आणखी एक खासियत आहे. त्यांच्यात मादी मोठी आणि दबंग असते. ती अंडी घालते आणि पुढच्या कामाला निघून जाते. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं बाबांच्या गळ्यात! ‘वर्क-लाइफ बॅलन्स’वर सेमिनार घेणाऱ्यांनी एकदा कमळाच्या तळ्यावर जाऊन यावं.

तिसरी शाखा कुरव आणि सुरय यांची. समुद्रावर दिसणारे कुरव म्हणजे सीगल, आणि नदीवर पाण्यात सूर मारणारे सुरय. चिखलात पाय न बुडवणारे हे पक्षी टिटवीचे नातेवाईक कसे? दिसायला काही साम्य नाही, पण हाडं आणि डीएनए दोन्ही तेच सांगतात. माळावर धूम ठोकणारा धाविकसुद्धा याच शाखेत. आणि यात अगदी अलीकडे घुसलेला एक छुपा सदस्य आहे, बटनक्वेल. गवतातून उंदरासारखा पळणारा, लाव्यासारखाच दिसणारा इवलासा पक्षी. वर्षानुवर्षं त्याला क्रौंचांच्या गटात ठेवलं होतं. डीएनएनं त्याला उचलून कुरवांच्या शाखेत आणून बसवलं.

आता एक भारी योगायोग पाहा. आपल्या लोकांनी चिखलात लपणाऱ्या लांब चोचीच्या पक्ष्याला ‘पाणलावा’ म्हटलं, म्हणजे पाण्यातला लावा. खरा लावा कोंबडीच्या कुळातला, त्यामुळे नाव चुकीचं असं कुणीही म्हणेल. पण हुबेहूब लाव्यासारखा दिसणारा बटनक्वेल मात्र पाणलाव्याच्याच खानदानातला निघाला! मराठी पक्षीनावांची अशी श्रीमंती गोळा करून ठेवण्याचं मोठं श्रेय मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांना जातं. त्यांचा ‘पक्षीकोश’ घरात असला, तर रविवारची दुपार कशी गेली कळणार नाही.

चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस?

दर उन्हाळ्यात, मे संपत आला की टिटवीच्या अंड्यांची बातमी येतेच. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली, यंदा पाऊस दणकून! चार अंडी सापडली, म्हणजे चारही महिने बरसणार! पंचगंगेचे २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कोल्हापूरकरांचं अशा बातम्यांकडे लक्ष जातं, यात नवल नाही.

पण जरा या खानदानाचा अल्बम चाळा. टिटवीची अंडी साधारण तीन ते चार. शेकाट्याची बहुतेक वेळा चार. चिखल्याची चार. तुतवाराची चार. कमळपक्ष्याची चार. सैबेरियातल्या टुंड्रात, जिथं आपला मान्सून पोचतही नाही, तिथंही यांच्या नातेवाइकांच्या घरट्यात चारच! टोकदार, पेरूसारख्या आकाराची ही अंडी निमुळती टोकं आत करून चौफुल्यासारखी मांडलेली असतात. त्यामुळे ती कमी जागेत मावतात आणि आईबापाच्या पोटाखाली नीट उबतात. थोडक्यात, चार अंडी ही पावसाची बातमी नाही, ते घराण्याचं आडनाव आहे.

घरटं म्हणाल तर कसलं घरटं! जमिनीवर एक उथळ खळगा, भोवती चार खडे. अंडी इतकी मातीच्या रंगाची, की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. ऊन फार तापलं की टिटवी जवळच्या पाण्यात पोट भिजवून येते आणि त्या ओल्या पिसांनी अंडी गार करते. नैसर्गिक कूलर! पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच चालायला लागतात आणि आईनं इशारा दिला की दगडासारखी निपचित पडतात. मोकळी जमीन संपत चालली तशा काही टिटव्या शहरातल्या खडी टाकलेल्या सपाट गच्च्यांवरही अंडी घालायला लागल्यात. आपण टू-बीएचके शोधतो, त्या गच्ची शोधतात.

चोच बघा, मेनू कळेल

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण कोण कुणाचा चुलतभाऊ हे कळून आम्हाला काय मिळणार? मिळणार ते असं. पक्ष्याचं घराणं कळलं की त्याचं जेवण कळतं. जेवण कळलं की त्याला कुठली जागा लागते ते कळतं.

टिटव्या आणि चिखले हे डोळ्यांनी जेवणारे. मोठे डोळे, आखूड चोच. चार पावलं पळायचं, थांबायचं, बघायचं आणि टिपायचं. त्यांना लागते मोकळी, उघडी जमीन, जिथं किडाही दिसेल आणि शत्रूही. तुतवार आणि पाणलावा मात्र बरेचसे चाचपून जेवणारे. त्यांच्या चोचीच्या टोकात स्पर्श आणि दाब जाणणाऱ्या पेशींच्या गाठी असतात. पाणलावा चिखलात चोच खुपसतो आणि आतल्या अळीचा ठावठिकाणा घेतो. वर आणखी कमाल म्हणजे, चोच चिखलात रुतलेली असतानाही तो तिचं फक्त टोक उघडू शकतो. आपण पोळीच्या गुंडाळीत बोट घालून भाजी कुठली ते ओळखावं, तसं!

चोचीची आणि पायांची लांबी जातीगणिक वेगळी. त्यामुळे एकाच तळ्याच्या काठावर सगळ्यांची टेबलं वेगळी लागतात. कोरड्या काठावर टिटवी. ओल्या कडेवर चिखले. बोटभर पाण्यात तुतवार. गुडघाभर पाण्यात शेकाट्या. एकाच हॉटेलात थाळी, मिसळ आणि चहा असे तीन काउंटर असावेत तसं. भांडण नाही, रांग नाही. अट एकच. तळ्याचा काठ हळूहळू उतरत जाणारा आणि मऊ चिखलाचा हवा.

आणि इथंच घोडं पेंड खातं.

चुकीच्या खणात

तळ्याचं सुशोभीकरण म्हटलं की मेनू ठरलेला असतो. काठाला सिमेंट किंवा दगडी भिंत, वर पेव्हर ब्लॉक, बाक, रंगीत दिवे. संध्याकाळी भेळ खायला छान. पण भिंत सरळ पाण्यात उतरली की उतार संपला, चिखल संपला, तीनही काउंटर बंद. पाणी स्वच्छ असलं तरी वेडरला तिथं उभं राहायला जागा उरत नाही. रंकाळ्याचं बघा ना. चौपाटीच्या बाजूला भिंतीवर बसून आपण गप्पा मारतो, ती बाजू माणसांची. चिखलात फिरणारे पक्षी शोधायचे तर परताळ्याकडे, जिथं काठ अजून काठासारखा आहे तिकडे जावं लागतं. रंकाळ्यानं केंदाळाचे आणि सांडपाण्याचे दिवसही पाहिलेत. तेव्हा काठ साफ व्हायलाच हवा. प्रश्न एवढाच, की साफ करताना आपण गटार काढतो की चिखल?

हा फरक करणं सोपं नाही, हेही खरं. शेकाट्या घाण पाण्यातही मजेत राहतो. त्यामुळे ‘पक्षी आलेत म्हणजे तळं ठणठणीत’ असं समजू नका. पण काठावर एकटे शेकाटेच आहेत की सोबत चिखले, तुतवार, टिलवे, पाणलावा अशी सगळी पंगत आहे, यावरून तळ्याची तब्येत बरीच कळते. म्हणूनच ‘पाच-पन्नास पक्षी दिसले’ या नोंदीपेक्षा ‘कोण कोण दिसले’ ही नोंद जास्त मोलाची.

कायद्याच्या कपाटातही असाच एक खण आहे. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांमध्ये ‘पाणथळ’ कशाला म्हणायचं, याची व्याख्या आहे. नदीचं पात्र, भातशेती, आणि पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी खास बांधलेले जलसाठे त्यातून वगळलेत. आता आपल्या दख्खनच्या पठारावर नैसर्गिक तळी किती? इथं पिढ्यान् पिढ्या तळी बांधली गेली, ती पिण्यासाठी आणि शेतीसाठीच. कळंबा तलाव तर शहराला पिण्याचं पाणी देत आलाय. तुतवाराला यातलं काही माहीत नसतं. तो हिवाळ्यात हजारो किलोमीटरवरून येतो आणि माणसानं बांधलेल्या तळ्यावरही तितक्याच विश्वासानं उतरतो. महाराष्ट्राला २०२० मध्ये पहिलं रामसर स्थळ मिळालं ते नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर, आणि तेही गोदावरीवर माणसानं बांधलेल्या बंधाऱ्याचं पाणी! म्हणजे बांधलेली जागासुद्धा जागतिक महत्त्वाची ठरू शकते.

आता जरा पाण्यापासून लांब, माळावर येऊ. टिटवीची एक धाकटी बहीण आहे, माळटिटवी. बांधा लहान, डोक्यावर काळी टोपी, गाठ पिवळी. तिलाही बोडार्टनंच १७८३ मध्ये नाव दिलं, मलबारवरून. टिटवीला पाणी जवळ लागतं, हिला कोरडा, उघडा, खडकाळ माळ आवडतो. उन्हाळ्यात ती तिथंच अंडी घालते.

पण आपल्या नजरेत माळ म्हणजे काय? पडीक! २००० मध्ये निघालेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशापासून ते गावच्या बोलण्यापर्यंत, झुडपी आणि खुरट्या गवताच्या कितीतरी जमिनींवर हाच शिक्का बसलाय. जमीन पडीक म्हटली की तिचं काहीतरी ‘चांगलं’ करायची घाई होते. कुणी प्लॉट पाडतं, कुणी मुरूम काढतं. आणि आपल्यासारखे हौशी लोक सुट्टीच्या दिवशी टी-शर्ट छापून झाडं लावायला जातात. झाडं लावण्यात वाईट काहीच नाही, पण जागा बघून. माळटिटवीला चारही बाजूंनी मोकळं दिसायला हवं. मधोमध झाडं उगवली की त्यावर कावळे आणि ससाणे बसायला येतात, आणि उघड्यावरची अंडी-पिल्लं त्यांच्या नजरेत भरतात. आपला ग्रीन उपक्रम तिच्यासाठी घराबाहेर चोरांची चौकी ठरतो.

म्हणजे बघा, पक्ष्यांना योग्य खणात ठेवायला शास्त्रानं अडीचशे वर्षं घासली. आता ते खण बऱ्यापैकी बरोबर आहेत. पण पक्ष्यांच्या जागा मात्र आपण अजून चुकीच्या खणात ठेवतो. चिखल म्हणजे घाण, माळ म्हणजे पडीक.

याची किंमत काय असते? देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालानं ९४२ जातींचा आढावा घेतला आणि त्यातल्या १७८ जातींची तातडीनं काळजी घ्यायला हवी असं सांगितलं. मोकळ्या माळांवरचे पक्षी आणि स्थलांतर करणारे वेडर यांची घट त्यात ठळक आहे. या खानदानातला एक सदस्य तर आपल्या डोळ्यांदेखत गेला. बारीक चोचीचा कर्ल्यू सैबेरियात वाढायचा आणि हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडे जायचा. इतर कर्ल्यूंच्या गर्दीत तो ओळखायलाच अवघड. तो कमी होतोय हे लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. फेब्रुवारी १९९५ मध्ये तो मोरोक्कोत खात्रीनं दिसला, तो शेवटचा. २०२५ मध्ये त्याच्या नावापुढे अधिकृतपणे ‘नामशेष’ लिहिलं गेलं.

आपल्या टिटवीवर अशी वेळ आलेली नाही. ती अजून छपरावरून ओरडत जाते, आणि आजी अजून घाबरते. मराठीत म्हण आहे, टिटवीदेखील समुद्र आटविते. ठरवलं तर लहानसा जीवही मोठं काम करतो, असा तिचा अर्थ. समुद्र राहू दे, आपल्याला फक्त तळ्याचा एक काठ वाचवायचाय. त्याची सुरुवात काठावर कोण उभं आहे ते ओळखण्यापासून होते.

चौकट : रविवार सकाळचा प्लॅन

कधी : ऑक्टोबर ते मार्च. पाहुणे वेडर तेव्हा आपल्याकडे असतात. सकाळी साडेसहा ते नऊ. कट वडा आणि मिसळ नंतर.

कुठे : रंकाळ्याची परताळ्याकडची बाजू, कळंबा तलाव, शिवाजी विद्यापीठाजवळचा राजाराम तलाव. माळावरच्या मंडळींसाठी पन्हाळ्याजवळचं मसाई पठार.

काय न्यायचं : आठ बाय चाळीसची साधी दुर्बीण, वही, पाणी, मळके चालतील असे बूट. भडक टी-शर्ट घरीच ठेवा.

काय बघायचं : आधी पाय नको, चोच बघा. आखूड की लांब? सरळ की वाकडी? मग वागणं. पळून, थांबून टिपतोय की चिखलात चोच खुपसतोय? एवढ्यावरून घराणं निम्मं कळतं.

काय नाही करायचं : मार्च ते ऑगस्ट टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली, तर समजा जवळ अंडी किंवा पिल्लं आहेत. फोटोचा मोह सोडा, आल्या पावली मागे फिरा.

पुढे काय : नावं आणि संख्या वहीत लिहा आणि ईबर्डवर टाका. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. त्यात हौशी लोकांना नोंदी करता येतात. तुमच्या तळ्याचा काठ उद्या भिंतीत जाणार असेल, तर तिथं कोण राहत होतं हे सांगायला तुमची वही असेल.